साठला पंच्याहत्तर

३ मार्च, सोमवार

आज एक माणूस आला आणि मला खोटं काम सांगून गेला. सरळ तसं म्हणाला नाही. पण मी काय आज या धंद्यात आलेय का!

सुरुवात अगदी साळसूद. सत्तावीस वर्षांची गाडी, सायीच्या रंगाची, आतून-बाहेरून चकचकीत. डॅशबोर्डवरचे मीटर मात्र पार थकलेले. वेगाचा काटा थरथरतो, पेट्रोलचा अर्ध्यावर अडकून बसतो, तापमानाचा तर केव्हाच मेलाय. म्हणाला, सगळे नवे बसवा. इलेक्ट्रॉनिक. मोठे आकडे, पांढरा उजेड. मी म्हटलं, होईल. जुनी केबल काढून गिअरबॉक्सवर सेन्सर बसवावा लागेल, पेट्रोलच्या टाकीतला तरंगा बदलावा लागेल, आठवडा जाईल. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. चौकात चष्म्याचं दुकान आहे म्हणे त्याचं. माणूसही तसाच — स्वच्छ हात, कापलेली नखं, बोलताना समोरच्याच्या नाकाकडे बघतो. चष्मा कुठे बसेल ते मापत असल्यासारखा.

मग माझा दादा टायर घेऊन बाहेर गेला, तसा याने आवाज खाली आणला. "वेगाचा काटा जरा पुढे दाखवेल असं करता येईल का?"

"किती पुढे?"

"साठला पंच्याहत्तर."

साठला पंच्याहत्तर! लोक काय मागतात ते मला तोंडपाठ आहे. किलोमीटरचे आकडे मागे घ्या, गाडी विकायचीय — हे मागतात. चोरट्या नजरेने मागतात, हसत मागतात, एकाने तर रडत मागितलं होतं. पण गाडी धावतेय त्याहून जोरात धावतेय असं दाखवा, हे आजवर कोणी मागितलं नाही. कोणाचा काय फायदा त्यात?

विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"मीच."

बघते म्हणाले. गाडी ठेवून गेला.

४ मार्च, मंगळवार

सापळा आहे. दुसरं काय असणार!

चार वर्षांपूर्वी जुन्या मालकाच्या वर्कशॉपमध्ये मी एकतीस गाड्यांच्या कागदांवर सही केली. मीटर तपासला, आकडे बरोबर, म्हणून. मालक म्हणायचा, ताई, तुम्ही फक्त सही करा, मी बघितलंय. अकरा वर्षं त्याच्याकडे काम केलं होतं. देवमाणूस वाटायचा. मी केली सही. एकतीसच्या एकतीस गाड्यांचे आकडे त्याने मागे फिरवलेले निघाले. तो सहीसलामत सुटला, आणि माझा परवाना गेला. जवळजवळ तीन वर्षं मी घरात बसून भिंती बघितल्या. मग दादाने परवान्याच्या ऑफिसात खेटे घालून घालून परवाना परत मिळवला आणि स्वतःच्या टायरच्या दुकानामागची ही खोली मला मोकळी करून दिली. चौदा महिने झाले. टेबल, दिवा, भिंग, माझी हत्यारं. तेव्हापासून कानाला खडा. कोणाच्या शब्दावर काही करायचं नाही.

आता एक खोटा काटा बसवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तपासनीस दारात! चष्मेवाल्याला कोणी पाठवलं? जुन्या मालकाने? की ऑफिसानेच?

जेवताना दादाला सांगितलं. हसला. "तू एक दिवस स्वतःच्या सावलीकडे ओळखपत्र मागशील."

वहिनी म्हणाली, "मागितलंय तिने. सावलीने दिलं नाही."

दोघं पोट धरून हसले. मला नाही आलं हसू.

५ मार्च, बुधवार

आज गाडीत नीट बसून बघितलं. चष्मेवाला सहा फुटांच्या वर. सीट मात्र पार पुढे, स्टिअरिंगला चिकटलेली. सीटवर जाड उशी. आरसा खाली वाकवलेला. सोमवारी उतरल्यावर तो गुडघे का चोळत होता, ते आता कळलं.

"मीच" म्हणे! ही गाडी तो चालवत नाही. कोणीतरी बुटकं माणूस चालवतं.

मग ते लपवायचं कशाला?

६ मार्च, गुरुवार

जुने मीटर काढले. केबल तुटायच्या बेतात होती, वायरिंगला कोणीतरी तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावून ठेवलेल्या. सगळा दिवस त्यातच गेला. चष्मेवाल्याचे दोन फोन — झालं का, झालं का. एवढी घाई!

७ मार्च, शुक्रवार

बॉनेट उघडं होतं म्हणून लक्ष गेलं. पुढचा डावा दिवा कोरा करकरीत. उजवा पिवळट, जुना. आणि डाव्या दिव्याच्या बाजूचा पत्रा ठोकून रंगवलाय. रंग जवळजवळ जुळलाय, नुसतं बघून कळत नाही. बोट फिरवलं की कळतं. नवीनच काम आहे, फार तर महिन्याभरातलं.

गाडी कशावर तरी आदळलीय. कशावर? की कोणावर?

८ मार्च, शनिवार

वहिनी रद्दी बांधत होती. मी सुतळी सोडायला लावली आणि मागच्या महिन्याचे सगळे पेपर उपसून काढले. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

सापडलं. पाचव्या पानावर, खाली कोपऱ्यात. पुलाजवळ सायकलवरच्या बाईंना धडक देऊन गाडी पसार. बाईंचा पाय मोडला. बघणाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी जुनी आणि फिकट रंगाची.

जुना मीटर टेबलावर घेतला. जोराचा दणका बसला की काटा तबकडीवर आपटतो, आणि त्या आकड्यावर बारीकसा ओरखडा राहतो. तासभर भिंगाखाली तबकडी फिरवली. ओरखडा नाही. म्हणजे दणका हलका होता. पण त्याने काय सिद्ध होतं? सायकल ती केवढी!

मीटर बदलायचे, पत्रा रंगवायचा, आणि वर मलाच एका खोट्यात ओढायचं. मग मी कुठे बोलणार!

दादा म्हणाला, "पोलिसात जायचं तर जा. पण आधी त्याला विचार."

"विचारलं की सावध होईल."

"मग खुळ्यासारखी पेपर उपसत बसू नकोस. मीटर बसव, गाडी दे, विषय संपव."

दादाला काय जातंय! तो सगळ्यांवर विश्वास ठेवतो. आजवर कोणी फसवलं नाही ते त्याचं नशीब.

१० मार्च, सोमवार

नवे मीटर बसवले. दिसायला देखणे आहेत, मानलं पाहिजे. गाडी हमरस्त्यावर नेली आणि किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून चार वेळा मोजली. साठला साठ. केसाचाही फरक नाही.

पंच्याहत्तर नाहीच. उद्या येतोय तो. बघू काय करतो.

११ मार्च, मंगळवार

आला. गाडी घेऊन एक चक्कर मारली आणि परत येऊन इंजिन बंद न करताच म्हणाला, "तुम्ही केलं नाही."

"नाही केलं. आणि गाडी तुम्ही चालवत नाही."

मग गुडघे आवळून, त्या छोट्याशा जागेतून उतरायचा प्रयत्न करत म्हणाला, "आई चालवते."

त्याचं म्हणणं असं. आई त्र्याहत्तर वर्षांची. अठ्ठावीस वर्षं ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर होती. आता घरची गाडी तशीच हाकते. नऊ वर्षांच्या नातीला पोहायला नेते-आणते, आणि नात घरी येऊन सांगते, आजी आज उडत होती! याने हातापाया पडून आईकडून कबूल करून घेतलं, साठच्या वर जायचं नाही. आई शब्दाची पक्की. काटा साठवर आला की पाय उचलतेच. पण याला साठही जास्त वाटतात. पन्नासच्या आतच राहायला हवी. ते सांगायची हिंमत नाही. म्हणून काट्यालाच खोटं बोलायला लावायचं.

"सीट मागे का नाही घेतलीत?"

"हलवली की तिला कळतं. चौकशा करते."

"डावा दिवा?"

दचकला. "घरच्या फाटकाचा खांब. मागच्या महिन्यात."

गोष्ट फारच गोड आहे. म्हातारी आई, पोहणारी नात. मालकाच्या गोष्टीही अशाच गोड असायच्या. मी म्हटलं, "खांब बघेन."

"बघा," म्हणाला. पत्ता लिहून दिला. "पण कृपा करून आईसमोर काही बोलू नका."

गाडी इथेच ठेवून चालत गेला.

१२ मार्च, बुधवार

गेले. बैठं घर, पुढे चार कुंड्या, फाटकाला सिमेंटचे दोन खांब. डाव्या खांबाचा टवका उडालेला आणि त्यात सायीच्या रंगाची रेघ. मी टेप काढला. जमिनीपासूनची उंची मोजली, आधी मोजून ठेवलेल्या दिव्याच्या उंचीशी ताडून बघितली. तंतोतंत.

मागून आवाज आला. "खांब विकत घ्यायचाय का?"

दारात ठेंगणी बाई. केस कानापर्यंत कापलेले, हात असे की बोल्ट पान्याशिवाय आवळेल. मी चाचरत म्हटलं, गाडीचं काम माझ्याकडे आहे. "मग गाडी तिकडे आणि तू इकडे कशी?" आत बसवलं. चहा पुढे केला. समोर खुर्ची ओढून बसली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली. बोलत नाही, हलत नाही! तपासनीस परवडला.

"माझ्या पोराने काय करायला सांगितलंय?"

वायरिंगचं काहीतरी सांगून सुटता आलं असतं. वाक्य तोंडात तयारही होतं. पण मला त्या एकतीस सह्या आठवल्या. आपल्याभोवती सगळे जाणून आहेत आणि आपणच तेवढे आंधळे, हे काय असतं ते मला ठाऊक आहे. मी सगळं सांगून टाकलं.

ती हिशेबात माझ्याहून जलद. "म्हणजे मी काटा साठवर धरला, तर गाडी अठ्ठेचाळीसवर."

"हो, मावशी."

कप उचलून आत ठेवून आली. माझा चहा अर्धा राहिला होता, तोही उचलला. "ये तू आता."

फाटकापर्यंत आली नाही.

१३ मार्च, गुरुवार

सकाळीच चष्मेवाल्याचा फोन. एवढा मऊ माणूस, पण आज आवाज फाटला होता. "एवढं एक तोंड बंद ठेवता आलं नाही तुम्हाला? आईने किल्ल्या टेबलावर आपटल्या. माझ्याशी बोलत नाही. जेवायला सुद्धा बाहेर येत नाही!"

मी म्हटलं, "मी खरं तेच सांगितलं."

"खरं!" म्हणाला आणि ठेवून दिला.

म्हणजे सापळा नव्हता. सायकलवाली बाईही नाही. माणूस खरं बोलत होता, अगदी खांबासकट. हे लिहिताना मला बरं वाटायला हवं. वाटत नाहीये.

दादाला विचारलं, माझं चुकलं का? तो टायरमधली ट्यूब ओढत होता. म्हणाला, "खरं बोललीस, चांगलं केलंस. पण ती बाई आता घरात बसून राहील, त्याचं काय?"

"मग काय, खोट्या काट्यावर चालू द्यायचं तिला? मला कोणी असं वागवलेलं मी खपवून घेईन का?"

दादाने कॉम्प्रेसर सुरू केला. काहीतरी बोलला असेल, ऐकू आलं नाही.

१५ मार्च, शनिवार

गाडी अजून इथेच. कोणी न्यायला आलं नाही.

१७ मार्च, सोमवार

तेच. आज गाडीवरची धूळ पुसली. कोणी सांगितलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

मावशी आली! एकटी, बसने. पर्स छातीशी धरून टायरच्या थप्प्यांमधून वाट काढत थेट माझ्या टेबलापाशी. दादाने खुर्ची पुसून दिली, त्याला म्हणाली, "तू तुझं काम कर."

मग मला म्हणाली, "भांडायला नाही आले. घाबरू नकोस."

टेबलावर उघडलेला एक मीटर होता, तो हातात घेऊन बघत राहिली.

"राग खोट्याचा नाही आला मला. त्याला मला सरळ सांगता आलं नाही, त्याचा आला. पाच दिवस खोलीत बसून तेच उगाळत होते. मग काल मनात आलं, त्याने सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? सोलून काढला असता त्याला. त्याला ते माहीत होतं."

तिने मीटर उलटा करून बघितला.

"अठ्ठावीस वर्षं माझ्या मागे कोणीतरी झोपलेलं असायचं. हळू गेलं की तो माणूस संपला. ते पायात बसलंय माझ्या. पाय सहज उचलत नाही." मीटर खाली ठेवला. "त्या दिवशी खांबावर गेले ना, तेव्हा पाय ब्रेकवर उशिरा पोचला. समोर खांब दिसतोय, आणि पाय येतोय आपला सावकाश. नात शेजारी होती. मी सांगितलं, वळण चुकलं. कोणाला खरं सांगितलं नाही."

"मग सोडून का नाही दिलीत गाडी?"

"त्याचे वडील गेले तेव्हा तो पंधराचा होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, आई आहे ना, मग चालतंय. मी किल्ली ठेवली की त्याला वाटेल, आई म्हातारी झाली." हसली. "आता ठेवलीच, रागाने. तर बघ कसा हवालदिल झालाय. दुकानात लोकांना दुसऱ्यांचेच चष्मे देतोय."

मग मुद्द्यावर आली. काटा खराच ठेवायचा. पण पन्नासला लाल दिवा लागला पाहिजे, आणि सोबत आवाज. मोठा. तिला ऐकू येईल आणि शेजारी बसलेल्या नातीलाही. "ती ओरडेल मला. तिचं मी ऐकते."

करता येईल म्हटलं. सेन्सर आहेच, एक छोटं सर्किट लागेल.

जाताना विचारलं, "तू त्या दिवशी खांब का मोजत होतीस?" मी सायकलवाल्या बाईंचं सांगितलं. पेपरचंही सांगितलं. रागावेल असं वाटलं होतं. पण माझ्याकडे बघून म्हणाली, "अशी कोणाकोणावर संशय घेतेस तू?"

"सगळ्यांवर."

"दमत नाहीस?"



१९ मार्च, बुधवार

सर्किट बसवलं. आवाज असा की दादाच्या हातातून पाना पडला. वहिनी म्हणाली, हा आपल्या स्वयंपाकघरात बसव, दूध उतू जाणार नाही.

२० मार्च, गुरुवार

मावशीला घेऊन चाचणीला गेले. ती चालवत, मी शेजारी.

चालवते मात्र काय! हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले, गाडी पाण्यावरून जावी तशी जाते. काट्याकडे बघतही नाही. म्हणाली, "आता सत्तेचाळीस." बघितलं तर सत्तेचाळीस. "आता एकोणपन्नास." एकोणपन्नास! मग मुद्दाम पाय दाबला, दिवा लागला, भोंगा कोकलला, आणि आम्ही दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसलो. मला वाटायला लागलं, चष्मेवाला उगाच घाबरतो. हिला कसला दिवा हवाय!

परतताना बाजाराच्या रस्त्यावर एक माणूस काचेचं मोठं तावदान धरून रस्ता ओलांडत होता. मला तो बराच आधी दिसला. मावशीलाही दिसला असणार, डोळे त्याच्यावरच होते. गाडी पुढे जातच राहिली. माझे पाय आपोआप ताठ झाले. मग ब्रेक लागला, कचकन. तावदानात आमची गाडी दिसत होती, एवढ्या जवळ. त्या माणसाने आमच्याकडे बघितलंही नाही. गेला आपला.

मागचे हॉर्न वाजवायला लागले. मावशीने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले.

"तूही बघितलंस," म्हणाली.

"हो."

खोटं बोलायचं मनात आलं होतं. आलं होतं, हे इथे तरी लिहून ठेवते.

शेवटी म्हणाली, "पंचेचाळीसला कर तो दिवा. आणि पोरीला आता तो नेईल. मी माझी एकटी, जवळपास, दिवसाउजेडी. वर्षभर. पुढचं पुढे." मग दार उघडून उतरली आणि फिरून माझ्या बाजूला आली. "सरक तिकडे. इथून तू चालव."

सीट मागे न घेताच चालवली. गुडघे अजून दुखतायत.

२१ मार्च, शुक्रवार

दिवा पंचेचाळीसला लावला. काम संपलं की नेहमीप्रमाणे दादा गाडी घेऊन तासभर चक्कर मारून आला. टायरवाल्याचीही नजर फिरायला हवी म्हणतो. वहिनीने कागद पाकिटात घातले.

मायलेक दोघं आले न्यायला. चष्मेवाल्याचे डोळे सुजलेले. काल घरी बोलणं झालेलं दिसतंय. मला म्हणाला, "ताई, तुम्हाला जवळचं वाचताना त्रास होतो. भिंग फार जवळ धरता. दुकानात या, मी बघतो." मी म्हटलं, येईन.

खरंच जाणार आहे. त्याच्या मनात काय असेल, हे एकदाही डोक्यात आलं नाही. आत्ता लिहिताना आलं, आणि गेलं.

मावशी गाडीतून ओरडली, "शहाणी पोरगी आहेस!" दादा मध्येच म्हणाला, "नुसती दिसते."

२४ मार्च, सोमवार

दोन गाड्या आल्या. दोघांनी सरळ कामं सांगितली. मीही सरळ ऐकली.

२७ मार्च, गुरुवार

दुपारी दादा बाहेर होता, म्हणून टपाल मी घेतलं. ऑफिसाचं पत्र, माझ्या नावावर. 'परवाना पुन्हा मिळण्याबाबतचा आपला तिसरा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.'

तिसरा! मी एकही अर्ज केलेला नाही. मला कशाला हवा अर्ज?

दादा आला. पत्र बघितलं आणि टायरच्या थप्पीवर बसला. "परवाना तेव्हा मिळालाच नव्हता. अर्ज मीच करतोय," म्हणाला. "तू जेवत नव्हतीस, बोलत नव्हतीस. काय सांगणार होतो तुला?"

चौदा महिने माझी प्रत्येक गाडी त्या तासाभराच्या चकरेत गावाच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिथे परवाना असलेला एक म्हातारा मीटरवाला आहे. तो माझं काम तपासतो आणि स्वतःच्या सहीचा कागद देतो. पाकिटात तोच असतो.

"मग मी रोज बिलांवर लिहिते तो परवान्याचा नंबर?"

"माझ्या पहिल्या मोटरसायकलचा."

वहिनी दारात उभी होती. तिने मान खाली घातली.

ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते भलतंच. विचारलं, तो म्हातारा काय म्हणतो माझ्या कामाला?

"म्हणतो, तपासायला काही ठेवत नाही ती बाई."

उद्याची गाडी त्या म्हाताऱ्याकडे मी नेणार आहे. दादा शेजारी बसून रस्ता दाखवेल.